बहिणीच्या हातची सुई

आमच्या टोंगा देशाच्या बेटांवरची पोरं नाइतेला बघितलं की पळत सुटतात. ती मारत नाही, ओरडत नाही, फक्त म्हणते, “तोंड उघड.” मग रस्ता असो नाहीतर चर्चची पायरी, ती पोराची हनुवटी धरून घसा बघितल्याशिवाय सोडत नाही. एका लग्नात तिनं जेवणाच्या पंगतीत करवलीचा घसा तपासलेला मी स्वतः पाहिलाय. करवलीच्या तोंडात घास होता.

तिचं पूर्ण नाव मेलेनाइते. अंगानं दणकट, चाल संथ, हात मात्र चपळ. टोंगाच्या आरोग्य खात्यात मी तिच्या कितीतरी आधी लागले आणि नर्सचं बरंचसं काम तिला मीच शिकवलं, त्यामुळे तिच्याबद्दल वाटेल ते बोलायचा मला अधिकार आहे. हट्टी आहे. एकदा मनात घेतलं की गाढवासारखी पाय रोवून उभी राहते. आणि तिच्या या हट्टापायी माझ्यावर काय वेळ आली ते पुढं येईलच.

घशाचं कारण असं की आमच्याकडे हृदयाचा एक आजार घशातून येतो. लहानपणी घसा सुजतो, ताप येतो, गुडघे आणि घोटे ठणकतात. थोड्या दिवसांत पोर खेळायला लागतं आणि घरचे विसरून जातात. असं काही वेळा झालं की हृदयातली झडप जाड होते, नीट मिटत नाही, आणि पुढं जायचं ते रक्त थोडं थोडं मागं येतं. बाहेरून काही दिसत नाही. मग एखादा विशीतला धडधाकट मुलगा होडी ओढता ओढता मटकन बसतो, किंवा एखादी पोरगी पहिल्या बाळंतपणात जाते. वेळेत कळलं तर उपाय साधा आहे. महिन्याला पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं. इंजेक्शन चांगलंच दुखतं, त्या दिवशी माणूस लंगडत घरी जातो. पण झडप सहसा आणखी बिघडत नाही.

सगळी अडचण वेळेत कळण्याची. हृदयाची सोनोग्राफी करणारे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही राजधानीत. म्हणून मेलबर्नच्या डॉक्टर ब्रिजेट आमच्या खात्याबरोबर एक पाहणी करायला आल्या. हातात मावेल एवढं सोनोग्राफीचं यंत्र नर्सला शिकवलं, तर बिघडलेली झडप तिला डॉक्टरइतकीच अचूक सापडेल का, हे त्यांना बघायचं होतं. प्रत्येकाला दोन नर्सनी वेगवेगळं तपासायचं, एकाचा निकाल दुसऱ्याला कळू द्यायचा नाही, आणि दोघांची चित्रं ब्रिजेटबाईंनी नावं न बघता तपासायची. नाइते आणि फेलेती नावाचा एक तरुण नर्स असे दोघं तपासणारे, मी देखरेखीला. बेटं करत करत आम्ही मातालोआला पोचलो. मातालोआ म्हणजे नाइतेचं गाव.

राजधानीत हल्ली भाऊ-बहीण एका सोफ्यावर बसून सिनेमा बघतात. मातालोआवर ते चालत नाही. मुलगा वयात आला की वेगळ्या खोपटात झोपतो. बहीण असेल त्या खोलीत तो पाय पसरत नाही, तिच्या कानावर अंगाबिंगाची गोष्ट पडू देत नाही. चुलत, मावस, आते, मामे, सगळे भाऊच. मान बहिणीचा मोठा. ती वयानं धाकटी असली तरी भाऊ तिचा शब्द खाली पडू देत नाही. मला यात वावगं काही दिसत नाही. ब्रिजेटबाईंचं मात्र गणित जुळेना.

“तुला भाऊ किती, नाइते?” त्यांनी फोनवर विचारलं.

“सख्खा एक. बाकी गाव.”

“गाव म्हणजे?”

“म्हणजे गाव, डॉक्टर.”

मग ठरलं की मातालोआच्या पुरुषांना एकट्या फेलेतीनं तपासायचं. चर्चच्या सभागृहात मधे चटयांचा आडोसा केला. एका बाजूला नाइते बाया आणि लहान पोरं बघायची, दुसऱ्या बाजूला फेलेती. पोरगा हुशार, पण सभ्यपणा त्याच्या अंगात जरा जास्तच मुरलेला. पलीकडे या मुलांची बहीण बसलेली, तिला ऐकू जाईल असं ‘शर्ट काढ, छाती उघडी कर’ म्हणायचं कसं? त्यानं म्हटलंच नाही, हे मला नंतर कळलं. वरची दोन बटणं सोडवायची, आत हात घालायचा, एका बाजूनं चित्र बरं आलं की ‘झालं, जा.’ दम लागतो का, हेसुद्धा तो विचारेना. परक्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यासाठी आमच्याच चांगल्या घरचा मुलगा लागतो.

नाइतेचा सख्खा भाऊ हाविली असाच बटणं सोडून गेला आणि ठणठणीत ठरला. चोविशीतला. कोनफळाचा मळा करायचा, बुडी मारून ऑक्टोपस काढायचा, बेटाच्या संघातून रग्बी खेळायचा. ठणठणीत नाही असं कोण म्हणेल?

आमचा मुक्काम संपत आला होता. फेलेती शनिवारच्या बोटीनं पुढं गेला, आम्ही दोघी सोमवारी यंत्र घेऊन निघणार होतो. रविवारी प्रार्थना झाली, जमिनीतल्या भट्टीतलं जेवण झालं. अळूच्या पानात नारळाच्या दुधातलं मांस मी नको तितकं खाल्लं होतं आणि चटईवर आडवी पडले होते. तेवढ्यात नाइते येऊन उशाशी बसली.

“सिस्टर, चर्चमधे गाताना पुरुषांच्या खालच्या सुरात कुणीतरी श्वास चोरतंय.”

“चोरू दे. माझं पोट फुटायला आलंय.”

“सूर लांबला की एक आवाज मधेच गळतो. नाताळात गळत नव्हता.”

“कुणाचा?”

ती चटईची काडी नखानं उकरत बसली. मी वाट बघितली, मग माझा तोल गेला. “अगं, मागं अख्खी रांग उभी असते पुरुषांची. मी काय एकेकाच्या नरड्यात वाकून बघू?”

“उजवीकडून दुसरा.”

“तुझा भाऊ म्हण की सरळ!”

“तुम्ही म्हणालात ना. झालं तर.” तिचे डोळे भरले होते. “सिस्टर, लहानपणी त्याचे गुडघे सुजायचे. आई नारळाचं तेल चोळायची. मी तेव्हा नर्स नव्हते हो.”

मी उठून बसले. आता तपासणार कोण? फेलेती गेलेला. नाइतेला भावाच्या उघड्या छातीला हात लावता येत नाही, आणि तिनं लावायचं म्हटलं असतं तरी तो समोर झोपला नसता. राहिले मी. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, त्या चिमुकल्या पडद्यावरचे लाल-निळे रंग मला एकच दिसायचे. मग नाइते म्हणाली, “हात तुमचे, डोळे माझे.”

सोमवारी सकाळी तिच्या आईनं घरातलं झाडाची साल कुटून केलेलं मोठं कापड आणलं, लग्नात मिळालेलं, आणि ते आम्ही सभागृहात दोन खांबांना बांधलं. हाविलीला आईकरवी निरोप गेला होता, ‘बहिणीनं बोलावलंय.’ तो आला. तोंड पाडून आला, पण आला. कापडाच्या या बाजूला तो आणि मी, त्या बाजूला यंत्राचा पडदा घेऊन नाइते, आणि खालून गेलेली वायर.

“पेशंटला डाव्या कुशीवर वळायला सांगा.”

“वळलाय.”

“हात खाली घ्या. अजून. आता तिरपा करा. थांबा.”

हाविली भिंतीकडे तोंड करून पडला होता, अंगाची काठी करून. मी म्हटलं, “अरे, आखडतोस काय असा? कापायला घेतलाय का तुला? मला काम करू दे.”

“त्याला ओरडू नका,” कापडाआडून आवाज आला. आणि लगेच, “पेशंटला, म्हणजे.”

मग ती सांगत गेली आणि मी हात फिरवत गेले. पडद्यावर काय आहे ते मला दिसत नव्हतं. एका जागी तिनं मला थांबवलं ते थांबवलंच. “परत दाखवा,” म्हणाली. मग पुन्हा, “परत.” वयात आल्यापासून या भावाकडे तिनं मान वर करून बघितलं नव्हतं, आणि आता ती त्याच्या काळजाच्या आत बघत होती. मला त्या पोरीची फार दया आली. शेवटी ती म्हणाली, “बघितलं. शर्ट घालू दे त्याला.”

चित्रं राजधानीत ब्रिजेटबाईंना गेली. त्यांचा फोन आला तो दुपारच्या आत. झडप चांगलीच गळत होती. ऑपरेशनची वेळ आली नव्हती, पण इंजेक्शन सुरू केलं नाही तर ती लवकर येईल, आणि रग्बी, बुडी मारणं आजपासून बंद. “एकीचे हात आणि दुसरीचे डोळे, असली तपासणी पाहणीत धरता येत नाही,” त्या म्हणाल्या. “नोंद मी बाद करते. माणूस करत नाही.” बाकीच्या भावांना त्यांनी फेलेतीकडून पुन्हा तपासून घेतलं, शर्ट काढून. फेलेतीला मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

हाविलीला मीच सांगितलं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “सुई कोण देणार?”

“बेटावरच्या दवाखान्यातली नर्स.”

“कुठं देतात?”

“कमरेखाली. मागं.”

त्यानं वर बघितलं, आणि आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मातालोआच्या दवाखान्यात नर्सची एकच जागा. जुनी नर्स निवृत्त होत होती आणि तिच्या जागी नाइतेची बदली झाली होती. कितीतरी वर्षं बेटाबेटांवर फिरून, अर्जावर अर्ज करून तिनं ती मिळवली होती. आई म्हातारी झालेली, घराच्या मागं केळी लावायच्या होत्या. हाविली हसला. “मग राहू दे,” म्हणाला आणि बाहेर गेला.

पुढचं मला राजधानीत फोनवरच कळत गेलं. सुरुवातीला तो महिन्याला बोटीनं मोठ्या बेटावर जाऊन सुई घेऊन यायचा. मग वारा सुटला, बोटी बंद झाल्या, एक पाळी चुकली. मग हवा निवळली तरी तो जाईना. पोटाच्या कातडीखाली देण्याचं, कित्येक महिने पुरणारं औषध निघतंय का, याचाही अभ्यास ब्रिजेटबाईंची माणसं करत होती, पण त्याला अजून वेळ होता. आणि पोट काय, बहिणीपुढं उघडं टाकायची गोष्ट आहे?

शेवटी नाइतेनं आईकरवी पुन्हा निरोप धाडला, ‘बहीण दवाखान्यात बोलावतेय.’ त्या दिवसाचं तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

“आला तो, सिस्टर. अंघोळ करून, कमरेला मानाची चटई गुंडाळून, मयताला जातात तसा. ओसरीवर बसला. मी आत औषध भरून ठेवलं होतं.”

“मग?”

“तो खाली मान घालून बसला. मी आत बसले. बाया आल्या, औषधं घेऊन गेल्या. दुपार झाली. मग तो उठून गेला.”

“आणि तू काय केलंस? हाक मारायची! तुझा शब्द मोडला असता का त्यानं?”

“नसता मोडला. हाक मारली असती तर आत आला असता, झोपलाही असता.” ती थांबली. “मलाच मारता आली नाही.”

मी तिला मूर्ख म्हटलं, भित्री म्हटलं. ती ऐकून घेत होती. फोन ठेवल्यावर मला माझाच सख्खा भाऊ आठवला, आणि मग तिच्या जागी मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

पावसाळा संपता संपता तिचा फोन आला. “सिस्टर, मी बदली मागितलीय. अदलाबदल.”

“कुणाशी?”

“तुमच्याशी.”

माझं राजधानीत घर आहे. नातवंडं शेजारच्या गल्लीत. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, मोतीबिंदू काढून झालेला, आणि ही बाई मला बोटीशिवाय वाट नसलेल्या बेटावर पाठवायला निघाली होती.

“तुला कुणी वेडी म्हटलं नाही का गं?”

“म्हटलं. आई रोज म्हणते.”

“आणि मीच का? मी काय गुन्हा केलाय?”

“तुम्ही या बेटावर कुणाची बहीण नाही. आणि तुम्हाला सगळे घाबरतात. दुसरी कुणी आली तर तो तिला गोड बोलून घरी पाठवेल.”

मी तीन दिवस तिचा फोन घेतला नाही. चौथ्या दिवशी घेतला आणि हो म्हटलं. तिनं एकच गळ घातली, “त्याला सांगायचं नाही. मला बढती मिळालीय म्हणून गेले, एवढंच. माझ्यामुळे बहीण घराबाहेर पडली असं त्याच्या कानावर गेलं तर तो तोंड दाखवणार नाही कुणाला.”

मातालोआच्या धक्क्यावर मी उतरले आणि ती चढली. हाविलीनं तिच्या चटया आणि पेटी डोक्यावरून आणली, तिच्यापासून चार हात लांब ठेवली आणि पाठ फिरवून गेला. तो जाईपर्यंत ती समुद्राकडे बघत उभी होती. तशीच रीत आहे. तिची आई धक्क्यावर ओक्साबोक्शी रडत होती आणि मला शिव्या देत होती. मी म्हटलं, दे बाई.

पहिल्या महिन्यात हाविली आलाच नाही. निरोप पाठवला तर उलट निरोप आला, बरं वाटतंय, कामात आहे, सिस्टरनी त्रास घेऊ नये. वर एक ऑक्टोपस पाठवला. मी ऑक्टोपस शिजवून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून त्याच्या मळ्यावर गेले. तो कोनफळासाठी खड्डे खणत होता. दोन घाव घालायचा आणि दांड्यावर रेलून उभा राहायचा. ओठ निळसर पडले होते.

“सिस्टर, एवढ्या लांब कशाला आलात? थकाल तुम्ही.”

“मी थकेन! आरशात तोंड बघितलंस का?”

“मला काही होत नाही हो. नाइतेला उगाच काळजी. आता मोठी साहेब झालीय ती राजधानीत, तिला म्हणावं...”

“कसली साहेब?” मी म्हणाले. इतक्या दिवसांची सगळी चीड एकदम वर आली. “माझ्या जागेवर गेलीय ती. तोच वॉर्ड, तेच भांडी घासल्यासारखं काम. माझ्या बहिणीच्या घरात एका खोलीत राहते. तुझी आई घरात एकटी, केळी वाळून गेल्या. बढती नाही नि काही नाही. तुला लाजेशिवाय सुई घेता यावी म्हणून गेली ती. आणि तू मला ऑक्टोपस पाठवतोस!”

तो खड्ड्याच्या कडेवर खाली बसला.

“तिनं सांगायला सांगितलं?”

“सांगू नको म्हणून बजावलंय.”

मातीच्या हातांनी त्यानं तोंड झाकलं आणि रडला. मोठ्यानं रडला, लहान पोरं रडतात तसा. मी उभी राहिले. मला नाइतेचा शब्द मोडल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग तो उठला आणि दवाखान्याकडे चालू लागला. त्याला दम लागत होता तरी मला त्याला गाठता येईना.

तो झोपला. मी सुई दिली. दुखलं असणार, कारण सगळ्यांनाच दुखतं. तो उठून बसला. अंगाखालची चटई सारखी करत भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाला, “हे किती वर्षं?”

“चाळिशीपर्यंत तरी. झडप बघून पुढंही.”

“म्हणजे तोवर तिला इथं येता यायचं नाही.”

मी सुई डब्यात टाकली. त्यानं थोडा विचार केला. “तिला बोलवा, सिस्टर. तिच्या हातची घेतो. मी डोळे मिटून पडेन. रीत असली तर असू दे. ती घरी येऊ दे.”

त्यांच्या घरात कुणी कधी असं बोललं नसेल. मी त्याच दुपारी राजधानीला फोन लावला. आधी सांगितलं, सुई दिली. पलीकडे तिचा मोठा श्वास ऐकू आला. मग मी काय केलं ते सांगितलं, आणि तो काय म्हणाला ते शब्द न गाळता सांगितलं. वाटलं होतं चिडेल. चिडली नाही. किती तरी वेळ नुसती रडत होती.

“मग येतेस ना?” मी विचारलं. “माझी नातवंडं माझी वाट बघतायत.”

“नाही, सिस्टर.”

“अगं, तो डोळे मिटायला तयार आहे!”

“तो मिटेल हो,” ती म्हणाली. “सुई देणारीला मिटून चालत नाही.”

मी संध्याकाळी हाविलीच्या खोपटापर्यंत चालत गेले आणि त्याला तसंच सांगितलं. त्यानं मान हलवली. पुढच्या महिन्यात ठरल्या दिवशी मी दवाखाना उघडायला गेले, तेव्हा तो पायरीवर माझ्या आधी येऊन बसला होता.